सिगारेट सोडणाऱ्याला आधार कशाचा?

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने त्या वटहुकुमाला कायद्याचे रूप दिले. या उपकरणाचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सारे आता गुन्हे आहेत. विक्रीसारख्या अपराधास पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. कायदा कठोर आहे यात शंका नाही. परंतु तो अमलात आला त्या दिवशी सिगारेट आणि विडी यांची विक्री पूर्ववत चालू होती आणि आजही ती चालू आहे. या विसंगतीवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. ती टीका आता जुनी झाली. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या माणसाने कशाचा आधार घ्यावा आणि तो आधार त्याला कोणी द्यावा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या तरुणांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे गडचिरोलीच्या सीमेकडील जंगलपट्ट्यातले गाव. येथील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपूर-पुण्यास जातात. त्यांपैकी एखादा सुटीत घरी येताना खिशात असे उपकरण बाळगून असेल, आणि ‘यामुळे माझी सिगारेट सुटली’ असे तो वडीलधाऱ्यांना सांगत असेल, तर त्याला खोटे ठरविण्यापूर्वी त्याच्या म्हणण्यात तथ्य किती हे पाहिले पाहिजे.

उपकरण आणि त्याच्या पायऱ्या

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. विजेरीवर तापणारी एक बारीक तार निकोटीन आणि सुवासिक द्रव्ये मिसळलेल्या द्रवाची वाफ करते आणि ती वाफ ओढली जाते. सिगारेट ओढणाऱ्याचा जीव मुख्यतः धुराने जातो. निकोटीन त्याला बांधून ठेवते. धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या वाफेत नसल्यामुळे ती जळत्या सिगारेटहून कमी घातक आहे, हे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. वैद्यकीय प्रयोगांचा तौलनिक आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर २०२२ मध्ये असा निष्कर्ष काढला, की निकोटीनच्या चघळगोळ्या किंवा पट्ट्या वापरणाऱ्यांपेक्षा निकोटीनयुक्त ई-सिगारेट वापरणाऱ्यांत धूम्रपान सुटण्याचे प्रमाण अधिक आढळते. बंदीच्या समर्थकांनी हा पुरावा नाकारू नये.

तथापि कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि सिगारेट सुटणे म्हणजे निकोटीन सुटणे नव्हे. जेथे ही उपकरणे उघड मिळतात तेथे ग्राहकाचा प्रवास कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. तो आरंभी सिगारेटच्या आकाराची साधी नळी घेतो. तिची विजेरी लवकर संपते, समाधान होत नाही, म्हणून तो लेखणीच्या आकाराचे मोठे उपकरण घेतो. पुढे उष्णता कमी-जास्त करता येणारे, अधिक शक्तीचे यंत्र येते; त्यानंतर निकोटीनच्या क्षारांवर चालणारी, मुठीत मावणारी कुपी येते. प्रत्येक पायरीवर विक्रेता सांगतो की आता सिगारेटची आठवणही होणार नाही. द्रवातील निकोटीन हळूहळू कमी करीत जावे, असा हेतू पुष्कळांचा असतो. परंतु यंत्र जितके शक्तिमान तितकी एका झुरक्यात वाफ अधिक. आणि द्रव सौम्य झाला की माणूस नकळत लांब व वारंवार झुरके घेऊ लागतो. बाटलीवरचा आकडा उतरतो, शरीरात जाणारी मात्रा त्या प्रमाणात उतरत नाही. उपचाराला आरंभ असतो तसा शेवटही असावा लागतो. नव्या यंत्राच्या खरेदीला मात्र शेवट नसतो, कारण तो शेवट विक्रेत्याच्या हिताचा नाही.

परदेशांचा धडा

ब्रिटनने या उपकरणाला धूम्रपानमुक्तीचे साधन म्हणून स्थान दिले. द्रवातील निकोटीनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासह ही उपकरणे देण्याची योजना जाहीर केली. तेथील प्रौढांतील धूम्रपानाचे प्रमाण २०११ मधील सुमारे २० टक्क्यांवरून २०२३ मध्ये १२ टक्क्यांच्या आत आले. याचे सारे श्रेय यंत्राला देता येणार नाही. जबर कर, सार्वजनिक ठिकाणची बंदी आणि सरकारी आरोग्यसेवेचे समुपदेशन यांचाही त्यात वाटा आहे. त्याच ब्रिटनला मुलांच्या हाती पडणाऱ्या, एकदा वापरून फेकावयाच्या उपकरणांवर १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली. अमेरिकेत तर आधी बाजार फोफावला आणि मग शासन जागे झाले. २०१९ च्या सरकारी पाहणीत तेथील उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत असल्याचे आढळले. ज्यांनी सिगारेटला कधी हात लावला नव्हता अशी मुलेही त्यांत होती.

या दोन्ही अनुभवांवरून एकच गोष्ट दिसते. यंत्र उपयोगी पडले ते जेथे त्याच्या मागे डॉक्टर, समुपदेशक आणि नियम उभे होते तेथे; जेथे केवळ दुकानदार उभा होता तेथे त्याने नवे गिऱ्हाईक निर्माण केले. आपल्याकडे २०१९ मध्ये दुकानदार तयार होता, समुपदेशक नव्हता. म्हणून बंदीचा निर्णय मुलांच्या दृष्टीने समर्थनीय ठरतो. परंतु एक वाट बंद करणाऱ्याने दुसरी उघडून द्यावयाची असते, आणि तेथे आपण कमी पडलो आहोत.

केशोरीचे वास्तव

ही उणीव शहरापेक्षा खेड्यात अधिक जाणवते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. देशाच्या पातळीवर पाहिले तर सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जवळजवळ दुप्पट. म्हणजे ज्या उपकरणावरून एवढा वाद झाला ते आपल्या बहुसंख्य व्यसनी माणसांच्या कामाचेच नव्हते. पूर्व विदर्भात तर खर्ऱ्याचे राज्य आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा ओढायचा नसतो. त्याला वाफेचा पर्याय कोणता? शिवाय त्यातील सुपारी हीसुद्धा व्यसन लावणारी व कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे तोंड उघडणे कठीण झालेल्या माणसाला निकोटीनची गोळी चघळणेही जमत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण बंदीने तोंडातली सवय सुटली नाही, तिने फक्त पुडी बदलली.

याला आर्थिक बाजूही आहे. ऐन उन्हाळ्यात या जंगलपट्ट्यातील कुटुंबे तेंदूपाने तोडतात आणि खरिपाच्या तोंडावर हाती येणारा तो पैसा बियाण्याला, वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानासह गौण वनोपजावरील गावाचा हक्क मान्य केला, ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु त्या पानाची विडी परत याच गावच्या मजुराच्या ओठांवर येते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के कर ठरविला आणि विडीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कामगारांच्या रोजगाराचे कारण यामागे सांगितले जाते व ते अगदीच पोकळ नाही. तथापि गरिबाचा रोजगार राखण्यासाठी गरिबाच्याच फुप्फुसाला स्वस्त धूर पुरवावा, हा हिशेब फार काळ टिकणारा नाही. पान तोडणाऱ्यास दुसरे उत्पन्न आणि विडी ओढणाऱ्यास उपचार, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावी लागतील.

काय करता येईल

उपचार आहेत आणि ते महागडे नाहीत. तंबाखू सोडल्यावर होणारी तगमग पहिल्या काही दिवसांत तीव्र असते आणि साधारणतः तीन-चार आठवड्यांत ओसरते; एकेक तलफ काही मिनिटांची असते. दोन मिलिग्रॅम निकोटीनची चघळगोळी औषधाच्या दुकानात मिळते. ती खर्ऱ्यासारखी सतत चघळायची नसते. चव तिखट लागताच गालात धरून ठेवायची आणि सुमारे बारा आठवड्यांत क्रमाने बंद करायची असते. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटीन-पर्यायी उपचाराचा समावेश झाला आहे. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर २०१६ पासून सल्लाही मिळतो. वरील सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी मागील वर्षभरात ते सोडण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. त्यांतील बहुतेकांनी तो कुणाच्याही मदतीविना केला. इच्छा नाही असे म्हणता येणार नाही. हात देणारा नाही.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाच्या सहकार्याने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम चालविला आहे. गावातील समित्या, शाळांतील प्रबोधन आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार अशी त्याची रचना आहे. सीमेपलीकडच्या केशोरीतही खर्रा तोच, विडी तीच, जंगल तेच. मग जिल्ह्याची हद्द आडवी येण्याचे कारण काय? गोंदिया जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत निकोटीनची गोळी व प्रशिक्षित समुपदेशक पोहोचवावा. रक्तदाब तपासताना प्रत्येक रुग्णास तंबाखूबद्दल विचारले जावे आणि उत्तर होकारार्थी आल्यास पुढच्या भेटीची तारीख द्यावी.

शिक्षकांकडे आणि कारकुनांकडे यातले एक काम येते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ती होऊ न देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. वर्गात मुलांना ‘ओढू नका’ असे सांगणाऱ्याने मधल्या सुटीत स्वतः खर्रा घोटू नये, हे तर सांगावयासही नको. आणि जो विद्यार्थी किंवा सहकारी ते यंत्र बाळगून ‘मी सोडतो आहे’ असे म्हणेल, त्याला पोलिसांचे भय दाखविण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: रोजची मात्रा किती उतरली, आणि शेवटचा दिवस कोणता ठरविला आहे? याची उत्तरे नसतील तर त्याला नव्या यंत्राची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. आणि तो डॉक्टर त्याला गोंदियास न जाता भेटावा, एवढी व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.