‘येतो’ या शब्दाचे ऋण

देहूहून निघालेली श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीस येते, तेव्हा परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात. पुढे बेलवाडीचे रिंगण, इंदापूरचा मुक्काम आणि अखेर सराटी. येथे नीरेच्या जलाने पादुकांना स्नान घडते. नदी ओलांडली की पुणे जिल्हा सरतो. बारामती-इंदापूरकरांचे स्वागत सर्वांच्या डोळ्यांत भरते. आम्हांस मात्र त्यांचा निरोप अधिक मोलाचा वाटतो.

या निरोपात ‘जातो’ हा शब्द नाही. रात्रीपुरता ओसरीवर टेकलेला वारकरी पहाटे ‘येतो, माउली’ म्हणून वाकतो आणि यजमानही त्याच्या चरणांवर मस्तक ठेवतो. थोर कोण, लहान कोण, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

हा भाव केवळ आपलाच नव्हे. तमिळ माणूस निघताना ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’ म्हणतो. घराबाहेर पडणाऱ्या जपानी माणसाच्या ‘इत्ते किमासु’चा अर्थही तोच. इंग्रजांच्या ‘गुडबाय’च्या मुळाशी ‘देव तुझ्याबरोबर असो’ हे शुभचिंतन आहे. वियोगाच्या घडीस मनुष्य सर्वत्र दोनच गोष्टी मागतो : देवाची सोबत आणि पुन्हा भेट.

परंतु ‘येतो’ हे वचन आहे, याचा आपणांस विसर पडत चालला आहे. नोकरीधंद्यासाठी दूर जाणारी मुले देव्हाऱ्यापुढे हात जोडतात, आईच्या हातचे दही घेतात, ‘येतो’ म्हणतात आणि पुढे वर्षानुवर्षे दूरध्वनीवरच भेटतात. वृद्ध आईबाप मात्र त्या एका शब्दावर दिवस कंठतात. सत्तरी उलटलेल्या वारकऱ्यास पुढील आषाढाची शाश्वती नसते. तरीही तो ‘येतो’ म्हणतो आणि पायांत बळ असेतो शब्द पाळतो. मग ज्यांच्यापाशी बळ आहे, साधने आहेत, त्यांनी तो का पाळू नये?

येत्या एकादशीस उपवासासोबत आणखी एक नेम धरावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कोणाच्या उंबरठ्यावर आपण ‘येतो’ म्हणून निघालो होतो, ते आठवावे आणि त्या दारी एकदा जाऊन यावे. पांडुरंगास ती वारीही रुजू होईल, अशी आमची श्रद्धा आहे.