पडीक कोण?

एप्रिलच्या दुपारी इंदापूर किंवा सांगोल्याच्या माळावर उभे राहिले, तर दिसतो तो पिवळा-राखाडी पसारा. वाळलेले गवत पायाखाली चुरचुरते, कुसळे कपड्यात शिरतात, मध्येच एखादी बोरीची जाळी किंवा एकटे हिवर. तोच माळ ऑगस्टअखेरीस पाहावा. पवन्या, मारवेल, कुसळी गुडघ्याला लागत असतात आणि त्यात मेंढ्यांची पाठ तेवढी दिसते. जमीन तीच, महिना वेगळा. माळावर राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते नकाशा करणाऱ्याला. कारण सरकारी नकाशात या जमिनीचा रंग बारा महिने एकच, आणि त्या रंगापुढे लिहिलेला शब्दही एकच: पडीक.

जमिनीची प्रतवारी हा उद्योग आपल्याकडे उपग्रहांच्या फार आधीचा. 1836च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातील नव्या सारा पद्धतीची सुरुवात केली ती याच इंदापुरात. मातीची खोली किती, पोत कसा, खडे-चुनखडीचे दोष किती, हे पाहून जमिनीच्या प्रती पाडल्या गेल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली गेली. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत अशा नऊ प्रती होत्या. पद्धत चोख होती, आणि तिला प्रश्न एकच विचारायचा होता: या जमिनीतून सारा किती निघेल? ज्यातून काहीच निघणार नाही तो तुकडा हिशेबातून वजा. सातबाऱ्यावर आजही दिसणारा ‘पोटखराबा’ हा शब्द त्याच वजाबाकीचा वारस आहे. साहेब गेले, त्यांचा प्रश्न मात्र राहिला. आता तो संगणकाला घातला जातो, एवढाच फरक.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे बोलीतले जीआयएस, हे मुळात थरांचे शास्त्र. उतार, माती, पाऊस, पाणी, झाडोरा, रस्ते, गावांच्या हद्दी यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक ठिपक्याला विचारायचे, तू कोण? आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांच्या ज्या चित्रांवर अशी बरीच कामे होतात, त्यांतला एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांचा. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण परत फेकते. त्यावरून यंत्र झाडोरा ओळखते. ठिपक्यांचे गट पाडण्याचे काम ते कंटाळा न करता करते. पण त्या गटांना नाव देणे हे यंत्राचे काम नव्हे. नावे माणूस देतो, आणि ती देताना त्याच्या टेबलावर कोणत्या खात्याची फाईल उघडी आहे यावर बरेच अवलंबून असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागासाठी केलेला ‘वेस्टलँड्स ॲटलास’ पाहा. 2019च्या आवृत्तीनुसार देशात 5 कोटी 57 लाख हेक्टर जमीन पडीक आहे, म्हणजे भूभागाच्या जवळपास सतरा टक्के. तिचे प्रकार तेवीस. त्यांत खाणींनी उकरलेली, क्षारांनी खराब झालेली, पाणथळ होऊन गेलेली जमीन आहे, आणि ती तिथे असणे योग्यच. पण त्याच यादीत झुडपी माळ आहेत, वाळवंटी वाळू आहे, उघडा खडक आहे आणि चक्क हिमाच्छादित प्रदेश व हिमनद्याही आहेत! ज्या हिमनद्यांच्या पाण्यावर उत्तर भारत जगतो त्या ज्या वर्गीकरणात पडीक ठरतात, तिथे सोलापूरच्या माळाने दाद कोणाकडे मागायची? पाहण्यातही हयगय झालेली नाही. या कामासाठी तीन-तीन हंगामांची चित्रे वापरली गेली. म्हणजे ऑगस्टमधले गवत डोळ्याला दिसले होते. सूचीत त्याला जागा नव्हती.

दुसरे टोक डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात सापडते. किमान एक हेक्टर जागेवर झाडांची सावली दहा टक्के किंवा अधिक असेल, तर ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणते, हे पाहायचे नाही. त्यामुळे रत्नागिरीची हापूसची बाग वनाच्छादनात मोजली जाऊ शकते आणि लांडगा, खोकड, चिंकारा, तणमोर यांचे घर असलेला माळ ‘वनेतर’ किंवा ‘झुडपी’ ठरतो. बागायतदारावर आमचा राग नाही. पण आंब्याची बाग जंगल आणि माळ ओसाड, हे गणित शाळेतल्या मुलालाही पटणार नाही.

शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. पडीक ठरलेल्या जमिनीचे ‘काहीतरी करायला हवे’ हे आपोआप ठरून जाते. माळावर सलग समतल चर खोदले जातात, गवताची मुळे उपटली जातात आणि त्यात गिरिपुष्पाची रोपे उभी राहतात. राज्याने 2016 ते 2019 या काळात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, तेव्हा एवढ्या झाडांना जागा कुठून, या प्रश्नाचे सोपे उत्तर नकाशात तयार होते. आता सौरऊर्जेची पाळी आहे. वीज हवी, शेतकऱ्याला दिवसा हवी, याबद्दल दुमत नाही. पण प्रकल्पासाठी ‘मोकळी’ जमीन शोधताना बोट पुन्हा गायरानावरच पडते. तिथून मेंढ्या हाकणाऱ्या धनगराचे नाव कोणत्याच थरात नसते. तो दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो, पावसाच्या तोंडाशी परततो. आणि फिरत्या माणसाची नोंद ठेवण्याची कला आपल्या महसुली दप्तराला कधी साधली नाही.

माळढोक पक्ष्याची कथा याच दप्तरातली, उलट्या टोकाची. 1979मध्ये त्याच्यासाठी सोलापूर-नगर पट्ट्यात अभयारण्य जाहीर झाले ते 8,496 चौरस किलोमीटरचे. त्या रेषेत शेते आली, गावे आली, बाजारपेठा आल्या. लोक वैतागले, आणि अखेर क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. एवढ्या मोठ्या रेषेच्या आत गवत नेमके कुठे आहे, याचा बारीक नकाशा आधी झाला असता तर माणसांचा जाच वाचला असता आणि कदाचित पक्षीही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही बातमी असते.

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्यांचेही तेच. जांभ्या कातळावर पावसाळ्यात जी फुलांची चादर पसरते तिच्यामुळे साताऱ्याचे कास 2012मध्ये जागतिक वारसा ठरले. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे 2022मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण त्यातले किती सडे कागदोपत्री कातळ, पोटखराबा किंवा पडच आहेत! कासला पर्यटकांची गर्दी आवरत नाही आणि शेजारच्या जिल्ह्यातला तसाच कातळ कारखान्यासाठी ‘बिनकामाची जागा’ म्हणून दाखवला जातो.

दोष तंत्राचा नाही, हे निक्षून सांगायला हवे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या अभ्यासकांनी असाच उपग्रहांचा साठा वापरून देशाच्या निमकोरड्या पट्ट्याचा नवा नकाशा केला. त्यात त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: झाडी विरळ असूनही नैसर्गिक असलेली जमीन कुठे आहे? उत्तर आले तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा. त्यातली पाच टक्क्यांहून कमी जमीन संरक्षित क्षेत्रात आहे आणि बरीच मोठी जमीन सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेली आहे. यंत्र तसेच, प्रश्न बदलला आणि ओसाडीच्या जागी परिसंस्था दिसली. वनविभागानेही इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये माळरानाची सफारी सुरू केली आहे. एका खात्याने तिकीट लावून दाखवावे आणि दुसऱ्याने पडीक म्हणून रंगवावे, हा विनोद फार दिवस चालू देण्यात अर्थ नाही.

गावच्या भाषेत या जमिनीसाठी किती नावे आहेत ते पाहा: माळ, बरड, मुरमाड, कुरण, गायरान, वरकस, सडा, कातळ. प्रत्येकाचे गवत वेगळे, पाणी धरण्याची रीत वेगळी, वापर वेगळा. पड म्हणजेसुद्धा ओसाड नव्हे. शेतकऱ्याने मुद्दाम विसावा दिलेली जमीन ती पड. संगणकाला तेवीस प्रकार शिकवता येतात, तर ही आठ नावे शिकवणे अवघड नाही. नागपूरला राज्याचे स्वतःचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. त्याने गावोगावच्या जैवविविधता समित्या आणि मेंढपाळांना बरोबर घेऊन माळ, कुरण आणि सड्यांचा स्वतंत्र थर तयार करावा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा जागेवर जाऊन ठिपके तपासावेत, आणि तो थर कोणालाही गावाच्या नकाशावर ठेवून पाहता येईल असा खुला करावा. केंद्र सरकारनेही पुढचा ॲटलास छापण्याआधी नैसर्गिक माळ, खडक आणि हिमनद्या पडीकच्या यादीतून काढाव्यात. तोवर ‘पडीक’ या एका शब्दाच्या भरवशावर राज्य सरकारने एकाही गायरानावर ना चर खोदावा, ना करार करावा.