थंडीचे पाहुणे परातीत उतरू द्या

दिवाळी संपली की अंगणातला किल्ला मोडला जातो. मावळे खोक्यात जातात आणि माती कुंपणापलीकडे. यंदा ती माती टाकू नका. तुमच्या घरात किंवा बालवाडीत तीन ते सहा वर्षांचं मूल असेल, तर फेब्रुवारीपर्यंत त्या मातीला अजून पुष्कळ काम आहे.

एक मोठी परात घ्या, नाहीतर घमेलं किंवा बाळाचा जुना टब. त्यात आळीपाळीनं वाळू, चिखल, सुकं गवत भरा. थंडीत आपल्याकडे येणारे प्राणी-पक्षी त्यात ठेवा आणि मुलाला दोन्ही हात घालू द्या. शहरातल्या नर्सरीत याला सेन्सरी बिन म्हणतात, त्याचे तयार संचही मिळतात. पण हा खेळ विकत आणू नका, घरी मांडा, एवढीच माझी विनंती आहे.

तयार संचात बहुधा कापसाचा बर्फ असतो आणि त्यावर ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्यक्षात अस्वल उत्तर ध्रुवाकडचं आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. मुंबईच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन तर मूळचे पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यांवरचे, बर्फाच्या प्रदेशातले नव्हेतच. मुलानं ध्रुवाची गोष्ट जरूर ऐकावी. पण त्याआधी आपल्या दाराशी येणारा हिवाळा त्याच्या हाताला कळू द्या, कारण तो त्याला उद्या जाऊन पाहताही येईल.

हात का, हेही सांगतो. या वयात चिमटीत धरणं, ओतणं, पिळणं, दाबणं यांतून बोटांत ताकद येते. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. शब्दांचंही तसंच. ओलं, दमट, रवाळ, भुसभुशीत, चिकट, खरखरीत हे शब्द हात त्या वस्तूत असताना कानावर पडले की पक्के बसतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते भोवतालच्या निसर्गातल्या वस्तूंच्या आधारावर. महागड्या साधनांवाचून बालशिक्षण उत्तम होतं, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

कासवाची परात

वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. मग मूठ वळेल इतपत ओली करा. नारळाची अर्धी करवंटी पॉलिश पेपरनं घासून तिच्या कडा गुळगुळीत करा आणि पालथी घाला. झालं कासव. पाय आणि डोकं जाड कापडाचं शिवा.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या थंडीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर रात्री येतात. मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळूनं खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. हे अंडं जवळजवळ टेबल टेनिसच्या चेंडूएवढं असतं. म्हणून अर्धा डझन तसे चेंडू आणा. मूल हातांनी खड्डा करेल, चेंडू पुरेल, थापटेल, पुन्हा उकरून काढेल. हे वीस वेळा केलं तरी त्याला करू द्या.

ते विचारेल, “आई कुठे गेली?” गोड खोटं सांगू नका. आई समुद्रात परत गेली, पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी आपली आपण बाहेर येतात आणि पाण्याकडे चालत जातात, असं सांगा. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून ही घरटी राखायला सुरुवात केली, हेही सांगा. कुणीतरी राखण करतं, ही गोष्ट मुलांना फार महत्त्वाची वाटते.

रोहितची परात

किल्ल्याची माती इथे घाला आणि दोन बोटं उंचीचा पातळ चिखल करा. त्यात चिंचेचा किंवा कढीपत्त्याचा पाला टाका. मुलाच्या हातात चहाची मोठी गाळणी द्या आणि शेजारी रिकामं भांडं ठेवा.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतो आणि चोचीतल्या झालरीतून पाणी गाळून शेवाळ आणि बारीक जीव खातो. मुलानं गाळणी बुडवून वर काढली, पाणी गळून गेलं आणि पाला वर राहिला, की चोचीचं काम त्याला शब्दांवाचून समजतं. पक्षी जुन्या गुलाबी कापडाचा शिवा, आत चिंध्या भरा, पाय सुतळीचे करा. काड्या लावू नका, डोळ्याला लागतात. सोबत एक छोटा राखाडी पक्षीही शिवा. रोहितचं पिल्लू राखाडी असतं, गुलाबी रंग त्याला पुढे खाण्यातून मिळतो.

हे पक्षी थंडीत ठाण्याच्या खाडीत आणि उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ येतात. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना तर हे पाहुणे लांब नाहीतच.

धोबी आणि हंसाची परात

परातीत सुकं गवत आणि पाचोळा पसरा. एका कडेला मोठे गोटे रचून त्यावर पांढरा रुमाल टाका, हा हिमालय. दुसऱ्या कडेला वाटीभर पाणी ठेवा, हे जायकवाडी धरण.

पट्टकादंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो आणि जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथे हिवाळा काढतो. पांढऱ्या मोज्याचा हंस करा, डोक्यावर काळ्या दोऱ्याचे दोन पट्टे घाला आणि मुलाला तो डोंगरावरून पाण्यापर्यंत आणू द्या.

शेपूट सतत वरखाली हलवणारा धोबी पक्षी तर गच्चीवर, मैदानात, शाळेच्या आवारातही येतो. तो किडे टिपतो. लोकरीचे मोठे गोळे गवतात लपवा आणि मुलाला कपड्यांचा चिमटा द्या. चिमटा दाबून उघडायचा आणि गोळा उचलायचा. बोटांना याहून चांगला व्यायाम मिळणं अवघड आहे.

आणि मुलाला पेंग्विनच हवा असेल तर? मग दोन ताटल्या घ्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. स्टीलच्या डब्यात पाणी गोठवून मोठी लादी काढा, छोटे खडे देऊ नका. कोमट पाणी चमच्यानं ओतून ती वितळताना त्याला बघू द्या. आपल्यापैकी जे कॅनडात, अमेरिकेत किंवा युरोपात राहतात आणि ज्यांच्या दारात खरा बर्फ पडतो, त्यांनी तोच टबमध्ये भरून आत आणावा. तिथला हिवाळा तोच आहे.

या गोष्टींत हयगय नको

तीन वर्षांखालच्या मुलाच्या पुढ्यात सव्वा इंचाहून बारीक काहीही ठेवू नका. मोठं मूलही वस्तू तोंडात घालत असेल तर हाच नियम. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, मणी, बटणं श्वासनलिकेत अडकतात. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी तर घरातच आणू नका, ते गिळले गेले तर पोटात फुगून आतडं बंद करतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, कच्चा राजमाही बाधतो. थर्माकोलचे दाणे, टाल्कम पावडर आणि बटण सेलवर चालणारी खेळणी यांनाही परातीत जागा नाही.

पाणी दोन बोटंच असलं तरी लहान मूल त्यात बुडू शकतं. फोन वाजला, दार वाजलं, तर मुलाला सोबत घेऊन उठा. खेळ संपला की पाणी ओतून द्या, वाळू उन्हात टाका आणि मांजर तिच्यावर जाणार नाही अशी झाकून ठेवा. हात साबणानं धुवा. परातीत वाळू-मातीऐवजी धान्य वापरायला मन घेत नसेल तर वापरू नका. या तिन्ही परातींत त्याची गरजही नाही.

मोठ्यांनी काय करायचं

शेजारी बसायचं आणि कमी बोलायचं. “हा कोणता पक्षी? रंग कोणता?” अशी परीक्षा घेऊ नका. मूल जे करतंय तेच शब्दांत मांडा: “वाळू ओली आहे, म्हणून खड्डा ढासळत नाही.” त्यानं हंस चिखलात नेला आणि कासव हिमालयावर चढवलं, तरी अडवू नका. खरं काय ते सांगायला दुसरा दिवस आहे. चिखलाला हात लावायला एखादं मूल कचरतं. त्याच्यावर जबरदस्ती नको, आधी चमचा द्या, हात आपोआप येईल. पंधरा मिनिटांत ते उठून गेलं तर परात उचलून ठेवा.

आजी-आजोबांना खास विनंती. चिंधीचा पक्षी शिवणं आणि करवंटी घासणं ही तुमच्या हातची कामं आहेत, ती आपल्याकडे घ्या. अंगणवाडीताईंनो, तुमच्याकडे मुलं जास्त आणि परात एक, तर चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाजवळ एक मोठं माणूस बसेल याची आधी सोय करा. पालकांना त्यासाठी आळीपाळीनं बोलवा, ते येतात.

शेवटचं काम परातीबाहेरचं आहे. जमेल त्या रविवारी मुलाला जवळच्या तळ्यावर, खाडीवर किंवा नुसतं शाळेच्या मैदानावर घेऊन जा. धोबी तरी नक्कीच भेटण्याजोगा आहे. त्याला लांबून पाहू द्या, दगड मारायचा नाही, हाकलायचं नाही, एवढं सांगा. ज्या पक्ष्याचं घर आपण आपल्या हातानं मांडलं, त्याची खाडी बुजवली जाते किंवा तळ्यात कचरा पडतो तेव्हा गप्प न बसणारी माणसं आपल्याला हवी आहेत. ती याच वयापासून घडवावी लागतात. या आठवड्यात परात काढा.