सातचा भोंगा

माझ्या एका भाचीनं परवा फोनवर विचारलं, "मामा, घरात दिवसाला किती तास टीव्ही चालला तर तो जास्त म्हणायचा?" तिला आकडा हवा होता. मामा मास्तर, तेव्हा पेपर तपासल्यासारखा लाल शाईनं आकडा टाकून मोकळा होईल अशी तिची समजूत. मी म्हटलं, आकडा आहे, पण तो तासांचा नाही, घड्याळातला आहे. किती तास हे मला विचारू नकोस, किती वाजता ते विचार. फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, आणि हे नात्यातल्या बाकीच्या मंडळींनाही ऐकवायचं होतंच, म्हणून इथं लिहितोय. ज्यांना राग येईल त्यांचा राग मला मान्य आहे.

तासांचा हिशेब करणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसवू नका, त्याहून कमी दिलात तर उत्तम, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं मोठ्या मुलांसाठी दोन तासांची मर्यादा सांगत होते, 2016 मध्ये त्यांनी तो आकडा सोडला आणि सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी घरानंच नियम ठरवावा असं म्हटलं. लहान लेकरांपुरतं हे मला पटतं. पण घराचं काय? घर म्हणजे काही दोन वर्षांचं मूल नव्हे. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी अकरा ते पाच कुत्रंसुद्धा गल्लीत दिसत नाही. त्या वेळी कूलरसमोर बसून कोणी जुना सिनेमा बघितला तर मी काय त्याचे तास मोजू? शेजारच्या एक आजी एकट्या आहेत, मुलगा बाहेरदेशी. त्यांचा टीव्ही दिवसभर चालू असतो, कधीकधी त्या बघतही नसतात, घरात माणसाचा आवाज हवा म्हणून लावून ठेवतात. त्यांना "अति तिथे माती" सुनावणारा मी कोण? तिथं टीव्ही नसलेल्या माणसांची जागा भरतो. माझं भांडण आहे ते असलेल्या माणसांची जागा खातो त्या टीव्हीशी.

आणि ती जागा तो संध्याकाळी सात ते दहा या वेळात खातो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, त्या गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. त्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. विजय मोहिते तेव्हा सरपंच होते. 2020-21 मध्ये शाळा मोबाइलवर भरली, पुढे वर्ग सुरू झाले तरी पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना, शिक्षकांच्या तक्रारी येऊ लागल्या, त्यातून हे निघालं. बातमी आली तेव्हा आमच्या नात्यातल्या एका शहाण्यानं "आता ग्रामपंचायत आमच्या बैठकीत येऊन बसणार का" असं म्हणून हसून घेतलं. या हसण्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

कारण वडगावातही पहिल्यांदा हसले ते पुरुषच. तेव्हाच्या बातम्यांत ते स्पष्ट आलं होतं. मग बायकांना एकत्र बोलावलं, तर त्यांनी सरळ कबूल केलं की मालिकांची सवय अंगाशी येऊ लागली आहे, आणि गावानं मिळून बंद करत असतील तर आम्हीही करू. आता सांगा! सासू-सुनांच्या मालिकांना उठता बसता नावं ठेवतो कोण? पुरुष. आणि बंद करा म्हटल्यावर हसतो कोण? तोही पुरुषच. कारण त्याचा टीव्ही म्हणजे "बातम्या". नऊ वाजता आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी ओरडतात, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, आणि आमचे बंधू ते गंभीर चेहऱ्यानं बघत असतात, जणू देश त्यांच्या बघण्यावर चालला आहे. मालिकेत निदान एकजण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो (आणि तिसरी दाराआड उभी राहून ऐकते, तो भाग वेगळा).

घरातल्या बाईची संध्याकाळ तरी नीट बघा. मालिका "तिच्यासाठी" लावलेली असते असं म्हणतात, पण त्या वेळी ती भाकरी थापत असते. ती मालिका बघत नाही, ऐकते. मध्येच "काय झालं गं?" म्हणून उंबऱ्यापर्यंत येते, तव्यावरची भाकरी करपेल म्हणून परत जाते. बाकीचे बसून बघतात. ताटं होतात तीही टीव्हीसमोर. भरीत झालंय की शेवभाजी, मीठ कमी आहे की जास्त, कोणी बोलत नाही. मी शिक्षक होतो, वर्गात सगळी मुलं एका दिशेनं तोंड करून बसायची हे ठीक आहे, तो वर्ग आहे. पण जेवायला बसलेलं घर एका भिंतीकडे तोंड करून?

आता हिशेबच हवा असेल तर माझा हिशेब घ्या. सात ते दहा म्हणजे तीन तास. आठवड्याचे सहा दिवस धरा, रविवार सोडला. 18 तास. वर्षाचे 936. शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवलं पाहिजे असं लिहिलं आहे, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. म्हणजे तुमच्या तिसरीतल्या नातवाला सरकार जेवढे तास शाळा देतं, त्यापेक्षा जास्त तास तुमची बैठक त्याला टीव्ही देते. आणि जाहिराती? केबल टीव्हीच्या नियमात तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटांची मर्यादा आहे. ती काटेकोर पाळली गेली असं धरलं तरी 936 तासांत 187 तास नुसत्या जाहिराती. मी आठवीला मराठी शिकवायचो, आठवड्याला सहा तासिका, 35 मिनिटांची एक. वर्षाचे 130 तास भरायचे नाहीत. त्यात व्याकरण, कविता, धडे, निबंध सगळं. साबण आणि शीतपेयं मराठी विषयाच्या दीडपट वेळ शिकतोय आपला नातू, आणि त्या विषयात तो नापास होत नाही!

"पूर्वी आम्हीही बघायचो की" असं कोणी म्हणेल. बघायचो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आमच्याकडे चित्र पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. रामायण लागायचं (जानेवारी 1987 ते जुलै 1988) तेव्हा एका घरात पन्नास माणसं, काही खिडकीत, चपलांचा ढीग बाहेर. पण ते रविवारी सकाळी लागायचं, आठवड्यातून एकदा. रामानंद सागरांनी वनवास, सीताहरण, युद्ध, सगळं 78 भागांत आटोपलं. महाभारत 94 भागांत. पुढे 'चार दिवस सासूचे' नावाची मालिका आली, 2001 ते 2013 चालली, 3000 च्या वर भाग झाले. चार दिवसांचे अकरा वर्षं! मी त्या मालिकेला वाईट म्हणत नाही, माझ्या घरात तिच्या चाहत्या होत्या आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. सांगायचं एवढंच की तेव्हा कार्यक्रम संपायचा. दूरदर्शनही रात्री ठरल्या वेळी बंद व्हायचं, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि टीव्हीच आपल्याला म्हणायचा, "आते पुरे, निजा." आता तो कधीच म्हणत नाही. ते म्हणण्याचं काम घरातल्या माणसाचं झालं, आणि ते करायला कोणी तयार नाही.

दोन-चार वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या वहिनी गेल्या. वय झालेलं होतं. रिवाजाप्रमाणे तेरा दिवस घरातला टीव्ही बंद, वर टॉवेल टाकून ठेवलेला. पहिले दोन दिवस माणसांची ये-जा होती. नंतर संध्याकाळ झाली की घरचेच उरायचे, आणि सात वाजले की सगळ्यांचे हात कुठं ठेवावे ते कळेना. चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या भावानं आपणहून बोलायला सुरुवात केली. 1972 च्या दुष्काळात वहिनी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तान्हं मूल बाभळीखाली झोळीत. घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी, ती पोरांच्या घशाखाली उतरत नसे म्हणून त्या गूळ चोळून द्यायच्या. मजुरीतून त्यांनी धाकट्या दिराची कॉलेजची फी भरली होती. तो दीर म्हणजे मी. मला हे ठाऊक होतंच, मी ते विसरणं शक्य नाही. पण त्यांचा नातू, सतरा वर्षांचा, त्यांच्याच घरात वाढलेला, त्यांच्या शेजारी बसून रोज टीव्ही बघितलेला, तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आजीनं खडी फोडली? आम्हाला कधी बोलली नाही." बाळा, ती कधी बोलणार होती? सातपासून दहापर्यंत तू आणि ती एकाच भिंतीकडे बघत होता. त्याआधी तुझा क्लास, नंतर तिची झोप.

त्या तेरा दिवसांत त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं त्याआधीच्या तेरा वर्षांत झालं नसेल. चौदाव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता टॉवेल निघाला.

म्हणून कोणी "टीव्ही घराला एकत्र आणतो, मोबाइलनं तर सगळे वेगळे झाले" असं म्हणू लागला की माझं डोकं तापतं. एसटीतले प्रवासीही एकत्र बसतात. आणि मोबाइलनं टीव्ही बंद पडला, हेही खरं नाही. बहुतेक घरांत टीव्ही चालूच आहे आणि त्याच्यासमोर चार जणांच्या हातात चार मोबाइल आहेत. मोठी माणसं टीव्हीचा आवाज वाढवून पोराला ओरडतात, "तो मोबाइल ठेव आधी!" पोर ठेवत नाही, आणि त्यानं का ठेवावा? याच कारणानं यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाचा निर्णय मला पटला नव्हता. नोव्हेंबर 2022 मध्ये पुसद तालुक्यातल्या या गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. हेतू चांगला, पण बंदी फक्त मुलांना. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. जो नियम मास्तरला लागू नाही तो नियम मुलं पाळत नाहीत, पाळल्याचं नाटक करतात. वडगावचा भोंगा सरपंचाच्या घरालाही वाजतो, म्हणून त्याला अर्थ आहे. तिथंही सुरुवातीला माणसांनी घरोघर फिरून सांगावं लागलं, आपोआप काही झालं नाही.

दुसरा एक लाडका मुद्दा भारनियमनाचा. "लोडशेडिंग होतं तेव्हाच बरं होतं, सगळे ओट्यावर बसायचे." हे म्हणणारे बहुधा तेव्हा दहावीला नव्हते. माझे विद्यार्थी होते. कंदिलाशेजारी पुस्तक धरून, डास मारत अभ्यास केलेली पोरं मी पाहिली आहेत. अंधार लादलेला होता, त्यात कसलं पुण्य? मला वीज हवी, दिवा हवा, पंखा हवा, आणि त्या उजेडात एक बटण आपल्या हातानं बंद केलेलं हवं.

जमत नाही म्हणू नका. कानबाईच्या रात्री जागर असतो, त्या रात्री कोणाच्या मालिकेचा भाग चुकला म्हणून घर कोसळलेलं मला माहीत नाही. देवीसाठी एक रात्र जमतं, मेलेल्या माणसासाठी तेरा दिवस जमतं. जिवंत म्हातारी शेजारी बसलेली असते, तिच्यासाठी मात्र रिमोट सापडत नाही.

तर भाचीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुपारी बघ, रविवारी बघ, क्रिकेटचा अंतिम सामना असेल तर मलाही बोलाव. पण सात ते नऊ टीव्ही चालू असेल तर तो अर्धा तास असला तरी जास्तच आहे. आणि येत्या आखाजीला तुम्ही सगळ्या माहेरपणाला इकडे येणार आहात, तेव्हा आताच सांगून ठेवतो. झोका अंगणातल्या लिंबाला बांधलेला असेल, पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस असेल, रात्री गाणी कोणाला येत असतील तर म्हणावीत, येत नसतील तर तुझ्या मामीला विचारावीत, तिला पुष्कळ येतात. संध्याकाळी सात ते नऊ रिमोट माझ्या खिशात राहील. जावईबापूंनाही हाच नियम. ज्यांना त्या वेळच्या बातम्या बघितल्याशिवाय राहवत नसेल त्यांनी नऊनंतर यावं, जेवण ठेवलेलं असेल.