घाम आमचा, कप्तानी तुमची

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या मैदानात दोन मोटारी आल्या. मैदान म्हणजे तरी काय, लाल मातीचा तुकडा. एका अंगाला सार्वजनिक संडास, दुसऱ्या अंगाला बुद्धविहाराची भिंत. पाळी सुटली की आम्ही गोदीतली पोरं रात्री तिथं कबड्डी खेळतो. मोटारीतून उतरलेल्या साहेबांनी टी-शर्ट वाटले. पाठीवर कंपनीचं नाव. मग भाषण. तुम्ही, आम्ही, शासन, सगळे भागीदार. या मातीतून खेळाडू घडवू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मग करारनामा हातात आला. त्यात भागीदार तीन. एक कंपनी, एक संस्था, एक खेळाची संघटना. आमचं मंडळ कुठंय म्हणून शोधलं तर चौथ्या पानावर सापडलं. 'लाभार्थी' या सदराखाली! मैदानाला कुंपण, आत नकली हिरवळ, वस्तीच्या पोरांना सकाळी सहा ते आठ. बाकी दिवसभर तासाच्या भाड्यानं. खाली सहीसाठी रेघ.

मंडळातले वडीलधारे म्हणतात, "करा रे सही. आजवर आपल्या दारात कोण आलंय?" दोस्तांनो, मी म्हणतो, अशी सही करायची नाही. का, ते सांगतो.

या मुंबईत आपली भागीदारी आजची नाही. एकोणिसावं शतक संपता संपता गोऱ्या सरकारनं समुद्राकाठच्या जागा खेळासाठी वाटल्या. पारशांना जिमखाना, मुसलमानांना जिमखाना, हिंदूंना जिमखाना. मरीन ड्राइव्हवर आजही रांगेनं उभे आहेत, जाऊन बघा. अस्पृश्यांना कुठला? कुठलाच नाही. त्यांच्या वाट्याला रोलर ओढायचं काम.

बाळू पालवणकर तेच करत होता. जातीनं चांभार. पुण्याच्या गोऱ्या क्लबात मैदान राखता राखता, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता तयार झाला. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदूंनी त्याला संघात घेतला. त्याच्या हातचा चेंडू चालत होता, हात चालत नव्हता. पुण्यात चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. 1906 साली हिंदूंनी गोऱ्यांना लोळवलं त्यात बाळू होता. 1911 च्या विलायत दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. आणि कप्तानी? ती त्याला शेवटपर्यंत दिली नाही.

1920 साली याच कप्तानीच्या वादात त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. नाही खेळत, जा! 1923 साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला. ध्यानात ठेवा, शंभर बळी घेऊन थोरल्याला जे मिळालं नाही, ते नाही म्हणायची धमक दाखवलेल्या धाकट्याला मिळालं.

याच भागीदारीचं दुसरं टोकही बघा. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूला उभं केलं, ते थेट बाबासाहेबांच्या विरोधात. बाबासाहेब निवडून आले. बाळूला मी शिव्या घालणार नाही, त्यानं भोगलेलं मी वाचलंय. पण ज्याला कप्तान करवत नव्हतं, त्यालाच आपल्या बापापुढं प्यादं करून सरकवायला या लोकांना बरोबर सुचलं. खेळाडू आपला, खेळी त्यांची.

दुसरी भागीदारी गिरण्यांच्या जमिनीची. 1982 च्या संपानंतर गिरण्या मेल्या. 1991 च्या नियमात जमिनीचे तीन वाटे ठरले. एक मालकाला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला. कागदावर झकास! 2001 साली नियम फिरवला. बांधकामाखालची जमीन वगळून, आधीच मोकळी असेल तेवढीच वाटायची. 2006 साली सुप्रीम कोर्टानंही तो मान्य केला. ज्या चाळींच्या पोरांनी गुडघे फोडून कबड्डी जगवली, त्यांच्यासमोर मॉल उभे राहिले. आत शिरताना वॉचमन आमच्या चपला बघतो.

तिसरी तर मजाच. 1972 साली या शहरात पँथर जन्मली. 1974 च्या जानेवारीत वरळीत आपल्या लोकांनी दगड खाल्ले, लाठ्या खाल्ल्या. त्याच महिन्यात मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. त्याच वरळीत 2014 साली प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमाची फायनल झाली. जिंकलं कोण? जयपूर पिंक पँथर्स. मालक सिनेमातला नट. गुलाबी पँथर! आमची पँथर दंगलखोर, त्यांची पँथर ब्रँड.

2023 च्या लिलावात एका खेळाडूवर 2 कोटी 60 लाखांची बोली लागली. त्याच्या घामाचे आहेत, मला पोटदुखी नाही. माझा सवाल वेगळा आहे. लिलावापर्यंतची वाट सुरू कुठून होते? मोकळ्या, फुकट मातीतून. तीच तासाच्या भाड्यानं गेली तर चढाई कुठं शिकायची, जिन्यात?

आमच्या टोळीत एक पोरगा आहे. चढाईला गेला की दोन-तीन गडी टिपून परततो. निवड चाचणीला बोलावणं आलं, त्याच दिवशी जहाज लागलं. मुकादम म्हणाला, जा, पण उद्या येऊ नको. तो गेला नाही. पूर्वी गिरण्या, रेल्वे, बँका, गोदी यांचे संघ असत, खेळावर कायमची नोकरी लागे. कंत्राटदाराचा संघ नसतो. त्याला फक्त पाठी लागतात.

कुणी म्हणेल, हा सगळ्यालाच नाट लावतो. नाही. 'खेलो इंडिया'त निवडलेल्याला महिन्याला 10,000 रुपये हातखर्च मिळतो, तो हक्कानं घ्या. आपल्याच करातला आहे. पण निवडीआधीची दहा वर्षं पोराला अंडं कोण घालतं? धुणीभांडी करणारी आई. तिचं नाव कुठल्या करारनाम्यात भागीदार म्हणून आहे?

आणि आपणही आरशात बघू. जयंतीला डीजेच्या भिंतीपुढं एका रात्रीत जेवढे उधळतो, त्यात मॅटचे निम्मे पैसे उभे राहतील. बाबासाहेबांच्या नावानं कानठळ्या बसवायच्या आणि मैदान विकलं जाताना मुके व्हायचं, हे चालणार नाही.

सही हवी? मग तीन अटी. मैदान वस्तीच्या खेळासाठी कायम राखीव, भाडं नाही, किल्ली मंडळाकडं. समितीत निम्मी माणसं वस्तीची, त्यात पोरी असल्याच पाहिजेत, आणि 'लाभार्थी' हा शब्द आमच्यासमोर खोडायचा. तिसरी, खेळाडूला चाचणीच्या आणि सामन्याच्या दिवसाची मजुरी कंपनीनं भरायची.

मानत असाल तर बसा आमच्या मातीवर, चहा घेऊ. एकाच कपबशीतला. मानत नसाल तर टी-शर्ट परत घेऊन जा. आम्ही उघड्या अंगानं खेळू.

रविवारी मंडळाची बैठक आहे. सगळे या. हात वर करायला लाजू नका.

जय भीम!