मेसेज चाचांचा, नाव माझं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुवेतहून चाचा रोज काहीतरी पाठवतात. कधी हदीस, कधी एखादा व्हिडिओ. मी तो बऱ्याचदा न बघताच पुढे ढकलायचो. मग २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ४(२) वाचला आणि हात थांबला. मेसेजचा मूळ कर्ता देशाबाहेर असेल, तर भारतात तो सर्वांत आधी टाकणाराच मूळ कर्ता मानला जाईल, असं त्यात म्हटलंय. ज्यांचं अर्धं घर आखातात आहे, त्यांनी याचा विचार करायलाच हवा.

नियमामागची चिंता खोटी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अफवांचा मार आपल्या समाजानेही खाल्लाय. गुन्हेगार सापडलाच पाहिजे.

पण मूळ कर्ता शोधायचा, तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजची खूण आधीपासून जपून ठेवावी लागेल. म्हणजे एका चोरासाठी अख्ख्या मोहल्ल्याच्या कुलपांची दुसरी किल्ली करायची. एवढं करूनही, स्क्रीनशॉट काढून नव्याने टाकणारा 'पहिला' ठरेल आणि खरा अफवाखोर मोकळा राहील. शिवाय आदेश न्यायालयानेच द्यायला हवा असं नाही; कलम ६९ खाली सरकारी अधिकारीही तो देऊ शकतो. व्हॉट्सॲपने २०२१ मध्येच याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

तपासाचे दुसरे मार्ग आहेत. 'बुल्ली बाई' ॲपवर मुस्लिम महिलांचा 'लिलाव' मांडला गेला, तेव्हा तक्रारी झाल्या आणि मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२२ मध्ये काही दिवसांतच आरोपी पकडले. त्यासाठी सगळ्या देशाच्या मेसेजवर खुणा करायची गरज पडली नाही.

"लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाला?" असं आपल्यातलेही काही विचारतात. घराला दार असतं ते चोरीचा माल लपवायला नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. म्हणून आपली मागणी साधी असावी: संशय असलेल्याचा तपास करा, न्यायाधीशाच्या आदेशाने करा, सगळ्यांवर सरसकट पाळत नको.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. त्याच सूरहची सहावी आयत सांगते, बातमी आली की आधी खात्री करा. बारावी सरकारला ऐकवताना सहावी आपण पाळतो का? मी आता चाचांनाच विचारतो, "हे कुठून आलं?"