दख्खनचे नाव आणि आमचे दुखणे

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी नुकतीच आमच्यापाशी तक्रार केली की, साहेबाने आमचा देश तर घेतलाच, पण आमच्या पाखरांची नावेही बाटवली! पुरावा म्हणून त्यांनी बीडच्या बिंदुसरेकाठी शेपटी हालवीत फिरणाऱ्या पांढऱ्या धोब्याकडे बोट दाखविले. त्याचे शास्त्रीय नाव 'मोटॅसिला आल्बा दुखुनेन्सिस'. 'दख्खनचे असे दुखणे करणारी नावे पुसून त्यांच्या जागी शुद्ध संस्कृत नावे बसवावीत,' असा त्यांचा सिद्धान्त. सुशिक्षित मंडळींत हा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे नाव आले कोठून ते पाहू. कंपनीच्या लष्करातील विल्यम हेन्री सायक्स या अधिकाऱ्याकडे १८२४ पासून मुंबई सरकारच्या ताब्यातील दख्खनच्या पाहणीचे काम होते. जमीन, पिके व माणसे यांची मोजदाद करता करता त्याने पशुपक्षीही जमविले, आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत हा धोबी आहे, आणि एक चंडोलही आहे. दोघांनाही त्याने 'दख्खनचा' हेच विशेषण लावले. इंग्रज त्या काळी 'दख्खन' लिहिताना 'अ'काराच्या जागी आपले 'यू' हे अक्षर घालीत. ते आम्ही 'उ' असे वाचतो, हा काही सायक्सचा अपराध नव्हे. आदल्याच वर्षी त्याने आमच्या रानकुत्र्यासही हेच विशेषण दिले होते, आणि त्याचे 'कोळसून' हे मराठी नाव शेजारी नोंदून ठेवले होते. बाटवणे म्हणतात ते हेच काय?

कोणी म्हणेल, तरीही नाव बदलण्यास हरकत कोणती? हरकत ही की, शास्त्रात नाव हे कोणाच्या लहरीवर नव्हे, तर मूळ नमुन्यावर टांगलेले असते. वतनाच्या तंट्यात जशी मूळ सनद, तसा नावाच्या वादात तो मूळ नमुना. आणि आधी दिलेले नाव सामान्यतः कायम राहते. सायक्सला धोब्याची ही जात स्वतंत्र वाटली. पुढे ती लिनीयसने १७५८ साली नाव दिलेल्या 'आल्बा' या जातीची उपजात ठरली. चंडोलाची गोष्ट उलट. तो दीर्घकाळ दुसऱ्या जातीची उपजात म्हणून नांदला आणि अलीकडे पुन्हा स्वतंत्र जात मानला जाऊ लागला. मतांची एवढी उलथापालथ झाली, तरी 'दख्खनचा' हा शब्द दोघांच्याही नावातून गळला नाही. संस्कृत नावांच्या कैवाऱ्यांस एवढे टिकाऊ स्मारक दुसरे कोठे मिळणार?

आणि गंमत पाहा. दख्खनचे नाव मिरविणारा हा धोबी सायबेरियाकडे वीण करतो व आमच्याकडे केवळ हिवाळा काढावयास येतो. तो चंडोलही मंगोलिया-तिबेटकडचा पाहुणा. उलट बाराही महिने आमच्या ओढ्याकाठी राहणारा मोठा कवडा धोबी मद्रासचे नाव घेऊन बसला आहे! तात्पर्य, नाव म्हणजे मालकी नव्हे, नोंद होय.

सायक्सवर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो निराळाच आहे. 'दख्खन' एवढ्या मोघम पत्त्यावर गाव कोणते समजावे? नोंदीची किंमत तिच्या चिठ्ठीत असते. रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात मिळविलेला एक नमुना कर्नल माइनर्ट्झहागेन याने ब्रिटिश म्युझियममधून लांबविला, आणि त्यावर गुजरातेतील मांडवी व १९१४ साल अशी खोटी चिठ्ठी लावली. संशोधकांनी ही लबाडी उघडकीस आणून ती चिठ्ठी बाजूस सारली, आणि खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध केला. तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये, नामशेष समजला गेलेला तो पक्षी खानदेशातच शहाद्याजवळ जिवंत सापडला!

आता आमच्या घरची स्थिती. एका शिक्षणसंस्थेच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेले एक पाखरू आम्ही पाहिले. खाली चिठ्ठी होती, आणि तीवर सुंदर अक्षरात एकच शब्द होता: 'पक्षी'! साहेबाने 'दख्खन' तरी लिहिले होते.

बीडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सायक्सची पाहणी इंग्रजी मुलखाची. पुढे हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची रीतसर पाहणी १९३१-३२ साली सालीम अली यांनी केली. म्हणजे आपल्या माणसास हे साधत नाही असे नाही. आम्ही बाकीचे ते करीत नाही, एवढेच.

पाखरे मारून ठेवण्याचे आता कारण नाही. १९७२च्या कायद्याची तशी मनाईही आहे. पण वही व पेन्सिल यांस कोणाची मनाई आहे? बालाघाटच्या माळावर मेंढरे राखणारा धनगर किंवा पारध्याच्या घरातील म्हातारा एकेका पाखराला कोणत्या नावाने ओळखतो, हे गाव व तारखेसह लिहून घ्यावे. ती माणसे गेली की ती नावेही जातील, आणि त्यांचा मूळ नमुना कोणत्याही म्युझियमात सापडणार नाही. आमच्या स्नेह्यांस संस्कृत नावे खुशाल घडवू द्या. पण त्यापूर्वी त्यांनी बिंदुसरेकाठच्या त्या धोब्यास गावकरी काय म्हणतात, एवढे विचारून यावे.